मागचीनं 'बास' म्हणेपर्यंत

घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला, आणि शर्यत सुरू व्हायला जेमतेम अर्धा तास उरला असताना आयोजकांनी भोंग्यावरून सांगून टाकलं की आज चढ नाही. कालव्याच्या कडेनं सरळ जायचं, पंपहाऊसला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. सगळं सपाट. ताई माझ्या शेजारी बसून बुटांचे पट्टे आवळत होती. तिचे हात थांबले, एवढंच. बोलली आत्या.

"मेल्यांना हे बरं आयत्या वेळी सुचतं! माझ्या पोरीनं वर्षभर काय सपाटीवर फिरायला घाम गाळला?"

"दरड काय तुला विचारून पडणार होती?" मामा व्हॅनच्या टपावरून आमच्या सायकली उतरवत म्हणाला. आत्या म्हणजे बाबांची बहीण, मामा म्हणजे आईचा भाऊ. एक आमची कोच, दुसरा आमचा मेकॅनिक आणि ड्रायव्हर. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आणि दोघांना एकच व्हॅन.

पण हसायची वेळ नव्हती. निळ्या टीमची दोन माणसं शेवटच्या रेषेपाशी खुर्च्या टाकून बसली होती. राहणं, खाणं, पगार, देशोदेशीच्या शर्यती, सगळं देणारी टीम, आणि आजच्या शर्यतीतून त्यांना एकच मुलगी उचलायची होती. पुढच्या वर्षी ताईचं वय त्यांच्या नियमात बसणार नव्हतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. ताईची सगळी भिस्त त्या घाटावर होती, आणि घाटच गेला.

माझं म्हणाल तर मला कुणी हिशेबात धरतच नव्हतं. मीसुद्धा नाही. सोमवारपासून मी पार्सलच्या गोदामात कामाला लागणार होते.

आमच्या घरात सायकल म्हणजे चढ. आत्यानं तिच्या काळात सगळे घाट मारले होते, त्यामुळे ती म्हणेल ती पूर्व दिशा. जी चढते ती खरी, बाकीच्या भाजी आणायला गेल्यासारख्या. ताई काडीसारखी, चढ लागला की तिला पंख फुटायचे. आणि मी? माझ्या मांड्या एकाही पँटमध्ये धड मावत नाहीत. आत्या मला ट्रॅक्टर म्हणते, तेही प्रेमानं, असं तिचं म्हणणं. गेला अख्खा हिवाळा मी उकडलेल्या भाज्या चघळून काढला. वजन उतरलं, पण चढावर माझी गत तीच. फक्त डोकं तेवढं जास्त फिरायला लागलं. "हिला जेवायला घाला रे, नाहीतर ही आपल्याला खाईल," मामा म्हणायचा.

तर आमची वाटणी लहानपणापासून ठरलेली. सपाटीवर मी पुढे, ताई माझ्या मागच्या चाकाला चिकटून. पुढचीनं वारा खायचा, मागचीनं दम राखायचा. मागे वारा लागत नाही, त्यामुळे ताई ताजीतवानी घाटाच्या पायथ्याशी पोचायची. तिथे माझं काम संपलं. मी उतरून व्हॅनमध्ये बसायचे आणि मामाच्या डब्यातला उकडलेला बटाटा चोरून खायचे. आत्याचे नियम दोनच. पुढचीनं आपण होऊन ढिलं पडायचं नाही. आणि मागची "बास" म्हणाली की पुढचीनं त्या क्षणी वेग कमी करायचा, का म्हणून विचारायचं नाही. एकटीनं मी फक्त चढच चढत आले होते, वजन उतरवायला. सपाट रस्त्यावर माझ्या मागे कुणी नाही, असं कधी झालंच नव्हतं.

"ऐक, ट्रॅक्टर," आत्यानं माझा दंड धरला. "पंपहाऊसपर्यंत घोळक्यात लपून राहायचं. वळलात की वारा तोंडावर. तिथे निघायचं, हिला मागे घेऊन. लाल टीमची ती लांबुडकी शेवटच्या रेषेपर्यंत बरोबर आली तर संपलं, तिच्यासारखी वेगाची उडी कुणाला जमत नाही. तिला आधीच मागे टाकायचं. शेवटच्या पुलावर तू बाजूला हो, ताई पुढे जाईल. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"वारा मी खायचा आणि नंबर ताईनं. नवीन काय आहे त्यात?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं चिडली. पण तिनं नुसतं माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली आणि सायकल घेऊन रेषेकडे गेली.

पंपहाऊसपर्यंत मी कोपरं खात, कोपरं मारत घोळक्यात टिकून राहिले. वळणावर सगळ्यांनी ब्रेक दाबले, आणि तेवढ्यात मी आतल्या बाजूनं घुसले. मागे ताईच्या चाकाची ओळखीची किरकिर ऐकू आली. निघाले.

वारा असा की तोंड उघडलं तर गाल फडफडावेत. मी हँडलवर आडवी झाले आणि जड गिअर टाकला. थोड्या वेळानं "बास" येईल, मग जरा कमी करू, असा माझा रोजचा हिशेब. पण "बास" येईना. आज ताई भलतीच तयारीत आहे, मी म्हटलं. आणखी एक गिअर टाकला. तरी "बास" नाही. शाबास गं माझ्या काडी! आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. मांड्या दुखत होत्या, पण दुखता दुखता मागत होत्या. चढावर दुखतं ते वेगळं, तिथे कुणी मागून कमरेला धरून ओढतंय असं वाटतं. इथे मी ओढत होते, आणि वारा हटत होता. एवढी वर्षं ज्याच्यासाठी उपाशी राहिले ते घाटात नव्हतंच! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे.

तेवढ्यात व्हॅनचा हॉर्न. आत्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली होती.

"अगं बये, थांब! कुठे चाललीस एकटीच?"

मी मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. पार मागे लाल जर्सींचा पुंजका, आणि त्यांच्याही शेपटाला एक काडी.

ताईचं आयुष्य मी वाऱ्यावर सोडून दिलं होतं आणि वर मजा करत होते!

"थांब तिच्यासाठी!" आत्या ओरडली.

"चालवत राहा गं," मामा स्टिअरिंगवरून म्हणाला.

"तू गप! पंक्चर काढ जा!"

"पोरगी बघ कशी चाललीय, डोळे फुटले का तुझे?"

मी पाय थांबवले. सायकल आपोआप मंद होत गेली. मागून लाल जर्सी मोठ्या मोठ्या होत आल्या, आणि माझा जीव टांगणीला लागला. त्या सगळ्यांना घेऊन रेषेपर्यंत गेलो तर लांबुडकी जिंकणार, ताईचं संपणार. काय करू? पुन्हा ताईला घेऊन निघू? तिच्यात दम आहे का? त्यांनी मला गाठलं, आणि ताई शेपटावरून सरकत सरकत माझ्या बाजूला आली. चेहरा पांढराफटक.

"ओरडली का नाहीस?" मी दात ओठ खात विचारलं. "एक बास म्हणायला काय झालं होतं?"

"तू का थांबलीस?"

"तू मागे राहिलीस म्हणून!"

"मग राहू दे ना!" ताईला बोलायला श्वास पुरत नव्हता. "लहानपणापासून... बास बास करतेय. आत्याला वाटतं तू दमतेस. दमते मी. आज म्हटलं, नाही ओरडायचं. बघू ही कुठवर जाते."

"आणि तुझी जागा?"

"माझी जागा चढावर होती. तिथे दगड पडलेत." तिनं माझ्या पाठीत जोरात बुक्की घातली. "जा! मागे बघितलंस तर तंगडं मोडीन."

मला रडू आलं, रागही आला. कुणावर ते कळत नव्हतं. आत्यावर, ताईवर, त्या मेल्या दरडीवर. त्या रागातच मी उठले आणि निघाले.

पण आता पहिल्यासारखं नव्हतं. पाय थंडावले होते, आणि माझ्या मागच्या चाकाला कुणीतरी चिकटलं होतं. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. लांबुडकी. ती पुढे येईना, यायची तिला गरजच काय? माझ्या आडोशाला आरामात बसायचं आणि रेषेपाशी उडी मारायची. म्हणजे जन्मभर बहिणीला ओढलं, आता हिला ओढा! आगीतून उठून फुफाट्यात.

वेग वाढवला. ती आहेच. आणखी वाढवला. तरी आहेच. व्हॅन मागे पडली होती, आत्याचा आवाज नव्हता. नुसता वारा आणि मागे तिचा श्वास. पूल दिसायला लागला. पुलानंतर फारसा रस्ता उरत नाही. माझे हात बधिर झाले. हरले, मला वाटलं. ताईची जागा मी घालवली, आणि घालवली ती एका परकीसाठी.

आणि मग मला तो श्वास नीट ऐकू आला.

"बास" म्हणायच्या आधीचा श्वास मला पाठ आहे. एवढी वर्षं मी दुसरं ऐकलं काय? आधी तो नाकातून तोंडावर येतो. मग मध्येच अडकतो. मग मागचीचा पाय पायडलवर अर्धा चुकतो, साखळी कट्ट करते, आणि त्यानंतर हाक येते. लांबुडकीचा श्वास तोंडावर आला होता. पुलाच्या अलीकडे तो अडकला. पुलावर साखळी वाजली.

माझे पाय सवयीनं ढिले पडायला निघाले. देवाशपथ सांगते, पडलेच होते. मी त्यांना आवरलं. आयुष्यात पहिल्यांदा, ज्या जागी वेग कमी करायचा तिथे मी तो वाढवला.

मागे एक शिवी ऐकू आली, लांबून. मग काहीच नाही. मागे बघितलं नाही, ताईनं तंगडं मोडलं असतं. रेषा ओलांडली तेव्हा माझ्या मागे फक्त वारा होता.

निळ्या टीमची बाई खुर्चीवरून उठून आली. मी गवतात उताणी पडले होते.

"एकटीनं घड्याळाशी शर्यत लावतात, तशी कधी केलीस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग करतेस काय?"

"मी ओढते," मी म्हटलं. "बहिणीला."

ती हसली नाही. तिनं माझ्या मांडीकडे पाहिलं, बाजारात बैल बघावा तसं, आणि म्हणाली की सोमवारी सामान घेऊन ये. तोवर आत्या आली होती. मी आता बोलणी खायच्या तयारीत. पण आत्या माझ्याकडे वळलीच नाही. मग ती त्या बाईला म्हणाली, "ट्रॅक्टरच आहे ती. मी पहिल्यापासून सांगतेय." मामानं कपाळावर हात मारून घेतला आणि अख्खा डबा माझ्या पोटावर ठेवला.

ताई घोळक्यातून आली आणि थेट व्हॅनच्या मागे गेली. मी गेले तर ती टायरला टेकून रडत होती. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाज वाटत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि बटाटा पुढे केला.

"आठवडाभर माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली. बटाटा घेतला.

शर्यत झाली की आम्ही घरी सायकलनंच जातो, पाय मोकळे करत. निघालो तेव्हा मी सवयीनं पुढे झाले. ताई बाजूनं आली आणि माझ्यापुढे घुसली.

"मागे बस," ती म्हणाली.

"अगं, वारा बघ किती..."

"बोलू नकोस म्हटलं ना!"

मागे बसले. आणि मागे किती शांत असतं ते मला त्या दिवशी कळलं. वारा नाही की काही नाही, समोर नुसती ताईची पाठ, जर्सीखाली कण्याचा मणका न् मणका दिसणारी. वारा तिला रस्त्यावरून ढकलत होता. तीन पायडल मारले की माझे पाय थांबायचे, नाहीतर तिच्यावर आदळले असते. तरी ती खाली मान घालून ओढत राहिली. पुढचीनं आपण होऊन ढिलं पडायचं नाही.

कालव्याच्या फाटकापाशी तिचा श्वास तोंडावर आला. मग अडकला. मग साखळी वाजली.

मी हँडलवर वाकले आणि जमेल तेवढ्या दमलेल्या आवाजात ओरडले, "ताई, बास!"

तिनं लगेच वेग कमी केला.