ठरावानं चाललेलं काळीज

मी एक हृदय बोलतोय. छातीतलं नव्हे, केज तालुक्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या संगणकातलं. माझ्यात रक्ताचा थेंब नाही. मी कुणाच्या प्रेमात पडलो नाही, आणि कुणी मला कुणाला दिलंही नाही. गणितं जोडून जोडून माणसांनी मला घडवलं.

तुमच्या हृदयाचा प्रत्येक ठोका हा विजेचा खेळ असतो. पेशीच्या भिंतीला बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम, कॅल्शियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं, आणि त्या ये-जा करण्यातून वीज उठते. दारं वेळेवर उघडली-मिटली की ठोका नीट पडतो. काही औषधं मात्र एखादं दार अडवून बसतात. मग ठोका लांबतो, आणि लांबता लांबता हृदय नुसतं थरथरू लागतं. माझी दारं आकड्यांची आहेत. औषधं माणसाला देण्याआधी मला देऊन बघावीत, एवढ्यासाठीच माझा जन्म.

मला इथं आणलं वत्सला मॅडमनी. त्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवतात. मूळच्या बीडजवळच्या पालीच्या, पुण्यात शिकून परत आलेल्या. दूरदेशीच्या शास्त्रज्ञांनी मला फुकट वाटायला ठेवलं होतं, म्हणूनच बहुधा संस्थेनं मला नको म्हटलं नाही.

संस्था सहकारी साखर कारखान्याची. त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. ऊस नव्हता, म्हणून कारखाना बंद होता. कारखाना बंद असला तरी चेअरमन चालू होते. त्यांचं नाव मल्लिकार्जुन, पण सगळे त्यांना आप्पा म्हणत.

माझं उद्घाटन आप्पांच्याच हस्ते झालं. संगणकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडूचा असा जाड हार घातला की हवा यायची भोकंच बुजली. मी तापून बंद पडायच्या बेतात होतो, तेवढ्यात आप्पांनी विचारलं,

"मॅडम, हे काळीज नेमकं कुनाचं हाय?"

"कुणाचंच नाही, आप्पा. गणिताचं आहे."

"मंग आपल्या संस्थेचंच म्हना की!"

टाळ्या पडल्या. पुढच्या सभेत मी संस्थेच्या मालकीचा असल्याचं एकमतानं ठरलं.

उन्हाळा चढला तशी कारखान्याच्या माळावर चारा छावणी उघडली. जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहू लागली. टँकरचं पाणी कुठल्या तळातलं यायचं देव जाणे. जुलाब-उलट्यांची साथ पसरली. आप्पांना कळवळा आला. त्यांनी जुलाबाची एक आणि उलटीची एक अशा दोन गोळ्या एका पाकिटात घालून वाटायचं ठरवलं. गोळ्या कुणा हितचिंतकानं दिल्या होत्या. पाकिटावर आप्पांचा हसरा फोटो होता. गोळ्या शोधाव्या लागत, फोटो शोधावा लागत नसे.

वत्सला मॅडमनी पाकीट बघितलं आणि त्या तडक माझ्याकडे आल्या. एक गोळी दिली. मी ठीक होतो. दुसरी दिली, तरी ठीक. मग त्यांनी दोन्ही एकदम दिल्या, आणि जुलाबानं माणसाचं होतं तसं माझं पोटॅशियम खाली उतरवलं. दोन्ही गोळ्या एकाच दाराला टेकून बसल्या. माझा ठोका संपता संपेना. पुढचा ठोका मागच्याच्या अंगावर चढला, आणि मी वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत राहिलो. मॅडमनी तोंडावर हात धरला.

त्याच दिवशी त्यांनी मला उचलून संचालकांच्या सभेत नेलं आणि सगळ्यांसमोर पुन्हा थरथरायला लावलं.

"बंद पडलं की वो!" तात्याबा म्हणाले. हे सगळ्यात जुने संचालक.

आप्पांनी भुवई चढवली. "मॅडम, तुमी ह्याच्यात भरलंय तरी काय?"

"जुलाबानं गळालेल्या साठीच्या बाईचं शरीर. छावणीतल्या बायकांचं आहे तसं."

"मंग बाईचं कावून भरता? धडधाकट गडी भरा. पैलवान भरा!"

"छावणीत पैलवान आजारी नाहीत, आप्पा."

"आन् त्ये पोटॅशियम का काय, त्ये वाढवून टाका की," तात्याबा म्हणाले. "मशीन आपल्याच घरचं हाय."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा प्राचार्य राधाकिशन सरांनी स्वतः कळफलक पुढे ओढला. प्राचार्यपद आप्पांच्याच कृपेचं होतं. त्यांनी माझ्यात एक तरणाबांड, पोटभर जेवलेला पैलवान भरला. मग काय, मी ढोलासारखा वाजू लागलो. सभेनं ठराव केला: 'सदर हृदय दोन्ही गोळ्यांसह सुस्थितीत चालते, असे एकमताने ठरले.' याच सभेनं आधी एकदा पाऊस पडावा असाही ठराव केला होता म्हणे. त्याची अंमलबजावणी बाकी होती.

मी खोटं बोललो नव्हतो. पैलवानाचं विचारलं, पैलवानाचं सांगितलं. तरी तेव्हा मला वाटलं, आपल्याला तोंड असतं तर किती बरं झालं असतं.

पुढचं मी पाहिलं नाही. मॅडम सहकाऱ्यांना सांगत होत्या ते ऐकलं. पाकिटं वाटली तेव्हा त्या छावणीत टाकीजवळ उभ्या राहून ओरडत होत्या, "दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका! आधी मीठ-साखरेचं पाणी प्या!" काहींनी ऐकलं. काही म्हणाले, "आप्पाचा फोटू हाय वरी, खोटं कसं आसंल?" भिमाबाई आपल्या दोन गायी घेऊन छावणीत राहत होत्या. पोटानं हैराण झालेल्या त्या बाईनं दोन्ही गोळ्या आधीच गिळल्या होत्या. गायींना पाणी दाखवता दाखवता त्या कोसळल्या.

मॅडमनी त्यांना जीपमध्ये घातलं. वाटेतच बीडच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्यांची नावं सांगितली. मांजरसुंब्याला पाण्यासाठी रास्ता रोको चालला होता. मॅडम खाली उतरल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बाई मरायलीय हो!" घोषणा थांबल्या. आंदोलकांनीच आडव्या लावलेल्या बैलगाड्या ओढून वाट करून दिली.

दवाखान्याच्या पडद्यावर भिमाबाईंचं हृदय अगदी माझ्यासारखंच थरथरत होतं. पण डॉक्टर तयारीत होते. शिरेतून औषध गेलं, आणि ते हृदय हळूहळू ताळ्यावर आलं. बाई वाचल्या.

उरलेली पाकिटं गुपचूप गोळा झाली. पुन्हा सभा भरली. पुन्हा ठराव झाला: 'संस्थेच्या हृदयाने वेळीच दिलेल्या इशाऱ्याबद्दल चेअरमनसाहेबांचे हार्दिक अभिनंदन.'

आता मला कॉलेजच्या दर्शनी दालनात ठेवलंय. पाहुणे आले की पैलवान भरून मला धडधडायला लावतात. पाहुण्यांना थरथरणारं हृदय आवडत नाही.

मध्यंतरी भिमाबाई मला बघायला आल्या. पडद्याकडे टक लावून बघितलं. मग मॅडमला विचारलं,

"ह्येच का बाई, माज्या आधी पडल्यालं काळीज?"

"हेच, मावशी."

"मंग मला कुनी कावून न्हाई सांगितलं?"

भिमाबाईंनी पदरानं माझ्या काचेवरची धूळ पुसली, अंगावर मायेनं हात फिरवला आणि त्या गेल्या.

लोकहो, माझी एकच विनवणी आहे. मला पैलवानाचं विचारू नका. छावणीतल्या बाईचं विचारा, उपाशी माणसाचं विचारा, आणि मी पडलो तर रागावू नका. मी पडलो तर बटण दाबून पुन्हा उठतो. तुम्हाला बटण नाही. म्हणून म्हणतो, तुमच्या आधी मला पडू द्या.