डुलत्या फळीचं वरचं टोक

मी फळी बोलतेय. मुलांच्या बागेत असते ती नव्हे, मी कुत्र्यांची. लांबी बारा फूट, अंग निळं, दोन्ही टोकं पिवळी, आणि पाय घसरू नयेत म्हणून पाठीवर रबराचा चुरा. कुत्र्यानं खालच्या टोकाकडून चढायचं, मध्य ओलांडला की मी कलते, धाडकन जमिनीवर येते, आणि मग त्यानं पिवळ्यावरून उतरायचं. त्याआधीच उडी मारली तर चूक धरतात. हेरेफर्डशायर नावाच्या इंग्रजी परगण्यात सफरचंदाच्या बागेला लागून एक कुरण आहे, तिथं माझा मुक्काम. या भागातली माणसं कुत्र्यांना उड्या, बोगदे, काठ्यांमधली नागमोडी धाव असं सगळं शिकवतात आणि रविवारी शर्यती लावतात.

मला घडवलं डेस्मंड प्रोबर्टनं. हा सुतार. चांगलं लार्चचं लाकूड निवडलं, रंधा मारला, मधोमध टेकू दिला आणि स्वतःच चढून बघितलं. अर्थातच पडला. त्याची बायको ओल्वेन चहाचा मग घेऊन आली होती.

"कुत्रीसाठी केलीस ना? मग तू कशाला चढतोस?" ती म्हणाली.

"तिला काय वाटेल ते बघत होतो."

"मग काय वाटलं?"

"कंबर दुखतेय."

ती कुत्री म्हणजे टॅन्सी, मेंढ्या वळणाऱ्या जातीची काळीपांढरी कॉली. वाऱ्यासारखी यायची, मी टेकेपर्यंत पिवळ्यावर दम धरायची आणि डेस्मंडच्या तोंडाकडे बघायची. मला ती फार आवडायची, खोटं कशाला बोलू.

मी जात्याच भोचक. माणसं असं का करतात, हा माझा कायमचा प्रश्न. एकदा कुरणात पंधरावीस माणसं कुत्र्यांशिवाय धावताना दिसली. हात पुढं करतायत, मध्येच वळतायत, शेजारी कुणी नसताना "शाबास गं!" म्हणतायत. मला वाटलं, झालं, सगळ्यांना एकदमच वेड लागलं. पुढं कळलं, शर्यतीआधी अशी कोरडी चाल करायची इथली रीतच आहे. कुत्रं शब्दांपेक्षा माणसाच्या खांद्यांकडे आणि पावलांकडे बघून धावतं, म्हणून आधी स्वतःची पावलं बसवायची. शिकायचं खरं तर माणसालाच असतं.

दुसरी खोड मात्र मला अजून उलगडलेली नाही. कुत्र्यानं एखादी गोष्ट झकास केली की ही माणसं म्हणतात, "अजून एकदाच." मग अजून एकदा. शेवटी दमलेलं कुत्रं चुकतं. चुकीवर कसं थांबायचं म्हणून परत एकदा. जमलं होतं तेव्हाच घरी का जात नाहीत? डेस्मंड तेवढा शहाणा होता. खिशात अंडी उकडायचं घड्याळ ठेवायचा, पाच मिनिटांचं. ते वाजलं की खेळ बंद.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका सकाळी टॅन्सी माझ्यावर होती. मी कलले, नेहमीसारखी धाडकन टेकले, आणि त्याच क्षणी डेस्मंड गवतात कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. लोक धावले, रुग्णवाहिका आली, गेली. टॅन्सी माझ्या पिवळ्या टोकावरच उभी होती. ओल्वेनचा भाऊ तिला उचलून घेऊन गेला तेव्हा ती थरथरत होती.

डेस्मंड सात आठवड्यांनी घरी आला. उजवा हात लुळा, जीभ जड. इकडे काम नसलेल्या कुत्रीनं घर डोक्यावर घेतलं होतं. सोफ्याचा हात खाल्ला, शेजाऱ्याच्या कोंबड्या वळून वळून कोपऱ्यात कोंबल्या. मग ओल्वेनच तिला कुरणात आणू लागली. बिचारीनं आजवर इथं फक्त चहा आणला होता. उड्या जमल्या, बोगदा जमला. माझ्यावर मात्र टॅन्सी मध्यापर्यंत यायची आणि बाजूला उडी टाकायची.

"पुन्हा," ओल्वेन म्हणायची. "पुन्हा. टॅन्सी, काय हे? पुन्हा."

जूनमध्ये गेथिन आला. आमच्या पट्ट्यातला हा नावाजलेला गडी, घरात भिंतभर पदकं. त्यानं थोडा वेळ बघितलं.

"राग मानू नका, पण कुत्री वाया चाललीय," तो म्हणाला. "माझ्याकडे द्या. मी तिला चांगलं ठेवेन."

तो खोटं बोलत नव्हता, तेच वाईट होतं. ओल्वेननं सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मुदत मागितली. तोवर फळी जमली नाही तर टॅन्सी त्याची. तो गेल्यावर ती माझ्या खालच्या टोकावर बसून रडली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून डेस्मंड कुरणाच्या कडेला खुर्ची टाकून बसू लागला.

"किती वेळा केलंस?" त्यानं जड जिभेनं विचारलं.

"मोजलं नाही रे."

"तिनं मोजलंय." मग एकेक शब्द शोधत तो म्हणाला, "मी पडलो तेव्हा ती वर होती. आवाज झाला आणि मी पडलो. तिला वाटतं, आवाजानं पाडलं."

ओल्वेन घरी गेली आणि अडगळीतली जुनी गादी ओढत घेऊन आली. माझ्या टोकाखाली घातली, म्हणजे मी मऊ टेकेन. अंड्यांचं घड्याळ आता तिच्या खिशात आलं. दिवसाला पाच मिनिटं, त्यातली तीन कुत्रीशिवाय. एकदा ती अशीच एकटी हातवारे करत पळत होती तेव्हा पोस्टमन कुंपणाशी थबकला.

"कुणाशी बोलताय?"

"कुत्रीशी."

"कुठंय ती?"

"घरात झोपलीय. मी अजून तिच्या लायकीची झाले नाही."

डेस्मंडला डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. डेस्मंड तो खुशाल टॅन्सीला देऊन टाकायचा. ओल्वेननं तोही परत आणला.

"तुझीही पाच मिनिटं. नीट केलंस की एक बिस्किट."

"मी काय कुत्रा आहे?"

"असतास तर एव्हाना बरा झाला असतास."

मुदतीचा रविवार उजाडला. गेथिनच्या गाडीत मागं पिंजरा होता, त्यात नवी चादर अंथरलेली. चहा झाला. शर्यतीत गादी चालत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे ती काढली. ओल्वेन धावली, पावलं अगदी नेमकी पडत होती. टॅन्सीनं दोन उड्या मारल्या, बोगद्यातून सुसाट निघाली, माझ्यावर चढली. मी कलू लागले, आणि तिनं उडी टाकली.

ओल्वेनच्या ओठांवर "पुन्हा" आलेलं मला दिसलं. तिनं ते गिळलं. टॅन्सीला जवळ बोलावून खाली बसवलं आणि तिच्या मानेवर हात ठेवून स्वतःही गवतात बसली.

तेवढ्यात डेस्मंड उठला. काठी टेकत माझ्या वरच्या टोकापाशी आला, काठी टाकून दिली आणि मला दोन्ही हातांनी धरलं. उजवा हात खालून होता.

"पाठव," तो म्हणाला.

टॅन्सी माझ्याकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. हळूहळू चढली, मध्य ओलांडला. मी कलले. त्यानं गुडघे वाकवत मला खाली आणलं, बाळ पाळण्यात ठेवावं तसं. जन्मात पहिल्यांदा मी गादीवाचून, आवाज न करता टेकले. टॅन्सी पिवळ्यावर उभी राहिली, आणि डेस्मंड समोर गुडघ्यांवर होता, सुखरूप. तिनं त्याचं सगळं तोंड चाटून काढलं.

"अजून एकदा बघू या?" गेथिननं विचारलं.

"नाही. आज एवढंच." ओल्वेननं पट्टा अडकवला.

गेथिन म्हणाला, "मी असतो तर पुन्हा करून घेतलं असतं."

"आणि?"

"बिघडवलं असतं." त्यानं गाडीचं मागचं दार लावलं. "रिकामा पिंजरा घेऊन आलो म्हणून क्लबात हसतील मला. हसू देत."

आता टॅन्सीचे मागचे पाय आखडतात, त्यामुळे ती माझ्यावर चढत नाही. ऊन असलं की माझ्या सावलीत झोपते. माझा टेकू कुरकुरतो, रबर झिजलंय, एका पिवळ्या टोकाला शेवाळ आलंय. मंगळवारी दुसऱ्यांची पिल्लं येतात, घाबरतात, आणि डेस्मंड त्याच उजव्या हातानं मला धरतो.

एक विनंती करून गप्प बसते. तुमच्या घरी कुणी काही नव्यानं शिकत असेल आणि सारखं मध्येच उडी टाकत असेल, तर पुन्हा म्हणण्याआधी जरा उठा आणि त्याचं वरचं टोक हातात धरा.