खोलीची शांतता

बशीतला स्पंजचा तो ओला चौकोन, आणि त्यात तिच्याच बोटाचा खळगा — तीन वर्षं एकाच जागी टेकून टेकून पडलेला... पान वाजू नये म्हणून बोट आधी तिथं टेकवायचं, मग पानाचा वरचा कोपरा उचलायचा, श्वास धरायचा, पान पलीकडे अलगद निजवायचं, आणि मगच पुढचं वाक्य. आज बोट टेकलं ते तिथंच राहिलं. पुढच्या पानावर नायकाची बायको मरणार होती. का मरणार तेही तिला ठाऊक होतं — त्याला शहाणपण यावं म्हणून.

“ताई, थांबलात?” कानांवरच्या हेडफोनमध्ये आवाज आला. काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या यंत्रावर बसणारे काका चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

“पाणी प्यायचं होतं.”

“प्या की सावकाश. ती काही जगत नाही. पहिल्याच प्रकरणात खोकली होती.”

तिनं हसू ओठांतच ठेवलं. पाणी प्यायली. मग त्या बाईला तिनं मरू दिलं, जसं छापलं होतं तसं, स्वल्पविरामांसकट. आवाज चढला नाही, उतरला नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही पुस्तकं वाचून ठेवायची, आणि पहिल्याच दिवशी संचालिकाबाईंनी सांगितलं होतं — नुसतं वाचायचं, पटवायचं नाही; मत ऐकणाऱ्याचं. किती सोयीचं वाटलं होतं ते. जणू कुणी तिच्या मापाचं काम शिवून ठेवलं होतं.

कारण मत तिनं सोडलं होतं. रोज सकाळी दिवा लावून ती हात जोडते, म्हणते — आज माझ्या जिभेवर कुणाचं उणं येऊ देऊ नकोस. आलंच तर त्या दिवशीचं एक जेवण सोडायचं. अकरा वर्षांत चारच जेवणं गेली. उणं म्हणजे माणसाचंच का, पुस्तकाचं चालेल का, असं कधी मनात आलं होतं; पण पुस्तकही कुणीतरी रात्री जागून लिहिलेलं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक... आणि उणं काढायचं नाही म्हणता म्हणता चांगलं म्हणायचंही कधी सुटलं, ते कळलंच नाही. एका डब्यात ठेवलेल्या दोन गोष्टी. झाकण एकच.

आत मात्र मतं होतीच. थांबतात का ती. उद्योगपतीच्या चरित्राचे दोन जाडजूड भाग — त्यात तो माणूस एकदाही चुकत नाही, एकदा तरी चुकला असता तर मी त्याला नमस्कार केला असता. खुनाची ती स्वस्त गोष्ट, कागदाला वास येत होता, पण शेवटी खुनी सापडतो तेव्हा तो आधी स्वतःच्या मांजराला दूध घालून येतो, आणि मला रात्रभर तो माणूस... मधमाश्या पाळण्याचं पुस्तक — केवढं चांगलं. ते लिहिणाऱ्याला कुणाचं कौतुक नको होतं, त्याला फक्त माश्या मरायला नको होत्या. आणि ते संतचरित्र. देवा, माफ कर. किती सपक होतं ते. तुझ्या माणसाबद्दल लिहिताना तरी थोडं मीठ नको का.

“झालं आजचं,” काका म्हणाले. मग काचेच्या दारातून अर्धे आत येऊन त्यांनी एक पाकीट पुढे केलं. “तुमच्या नावाचं पत्र. एवढ्या वर्षांत मला एकही आलं नाही. माझी बटणं कुणाला ऐकू येत नाहीत ना.”

पत्र एका ऐकणाऱ्या बाईचं होतं, शेजारणीकडून लिहवून घेतलेलं.

‘तुम्ही सपाट वाचता, तसं तुम्हाला सांगितलेलं असणार. पण मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसले. लोक काय बोलतात ते ऐकायला आम्हाला बंदी होती, म्हणून मी नुसते आवाज ऐकले. त्या उद्योगपतीनं दान केलं की तुम्ही भराभर वाचून मोकळ्या होता. मांजरापाशी तुमचा श्वास अडला. मधमाश्यांचं पुस्तक संपू नये असं तुम्हाला वाटत होतं, शेवटचं प्रकरण तुम्ही किती हळू वाचलंत. संतांच्या पुस्तकात दोनदा जांभई गिळलीत, पण ते पुस्तक आहेच तसं, मनाला लावून घेऊ नका. आमचे हे होते तेव्हा पुस्तकावरून आमची भांडणं व्हायची. आता भांडायला कुणी नाही. मी बरोबर ऐकलं का, एवढंच कळवा. हो की नाही, तेवढं पुरे.’

तिचे कान तापले. पत्राची घडी तिनं घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“शांतता घेऊ या का?” काका परत यंत्रावर बसले होते.

हे रोजचंच. वाचन झालं की अर्धं मिनिट काही न बोलता बसायचं आणि खोलीची नुसती शांतता भरून घ्यायची. खोकला, कागदाची कुरकुर कापून टाकली की तिथं भोक पडतं, ऐकणारा दचकतो. मग या शांततेचे तुकडे तिथं ठिगळासारखे लावायचे. तेवढ्या वेळात ती मनात देवाचं नाव घेत असे. लाल दिवा लागला. तिनं डोळे मिटले... मांजराला दूध घालणारा तो माणूस. भांडायला कुणी नाही.

“ताई, परत घेऊ. ही भरलेली आहे.”

“कशानं?”

“मी काय डॉक्टर आहे? श्वास येतोय.”

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काकांनीच दिवा विझवला. “राहू द्या. कालची वापरतो. कालची चांगली रिकामी आहे.”

कालची चांगली रिकामी... रस्ता उतरताना, फळकुटं लावून बंद केलेल्या दुकानांपाशी, पुलाच्या कठड्याला हात लावत चालताना, ते वाक्य तिच्या पायांत येत राहिलं. आपल्या जिभेचा तिला थोडा अभिमान होता, हे आज पहिल्यांदा दिसलं. स्वच्छ जीभ. आणि कुठल्याशा गावातली एक म्हातारी तिची गिळलेली जांभई ऐकून बसली आहे. मग जो माणूस त्याच घरात, त्याच भिंतींत, हाताच्या अंतरावर...

तेव्हा तिचे यजमान लिहीत असत. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायच्या आणि रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरायचे. ती भांडी आवरायची आणि ते मध्येच एखादं वाक्य वाचून दाखवायचे — हे कानाला कसं वाटतं गं? दोनशे पानं झाली. सुतळीनं बांधून तिच्या हातात दिली. तिनं तीन दिवसांत वाचली आणि, तेव्हा तिची जीभ सगळ्या घरात नावाजलेली होती, म्हणाली, “यात सगळं दुसऱ्यांचं आहे. तुमचं काहीच नाही.” ते म्हणाले, “बरं.” सुतळी पुन्हा बांधली. भांडण नाही, रुसणं नाही. कागद पुन्हा ओट्यावर आले नाहीत. चौथ्या महिन्यात तिनं पहिल्यांदा दिव्यासमोर हात जोडून ते मागितलं.

पण खरं तर... खरं तर एक पान होतं. त्यांचे वडील शिंपी. नजर जात चाललेली, आणि कुणाला सांगायचं नाही हा हट्ट. सकाळी शाळेत जाण्याआधी मुलगा दहा सुयांत दोरे ओवून भिंतीवरच्या उशीत टोचून ठेवतो, म्हणजे दिवसभर बाबांना कुणापुढे सुई धरावी लागू नये. दोघं त्याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. आणि मुलगा घर सोडून निघतो त्या दिवशी — ‘त्या सकाळी मी वीस सुया ओवून ठेवल्या.’ बस, पुढे काही नाही. त्या ओळीपाशी ती तेव्हा रडली होती. ते तिनं सांगितलं नाही. एकशे नव्याण्णव पानांबद्दल बोलली, आणि हे राहून गेलं. मग व्रत आलं, आणि झाकण लागलं.

मी खोटं बोलले होते. उणं बोलले, ते नाही एवढं मोठं. हे आहे.

संध्याकाळी ते जेवायला बसले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. त्यांच्या बोटांच्या पेरांत काचेची पांढरी भुकटी, कितीही धुतली तरी उरणारी. तिनं वाढलं, आपलं ताट घेतलं. आणि त्यांनी विचारलं, रोज विचारतात तसं, मान वर न करता —

“आज कुठलं पुस्तक?”

“ती गाजलेली कादंबरी. आज संपली.”

“कशी आहे?”

बरी आहे. हा शब्द तयारच होता, रोजच्या जागी, स्पंजच्या खळग्यासारखा. आधी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांना, मग कामावरच्या पुस्तकांना, अकरा वर्षं एकच शब्द... आणि अकरा वर्षं रोज यांनी विचारलं. एकही दिवस विचारायचं सोडलं नाही. हे तिनं कधी मोजलंच नव्हतं. काय ऐकत होते ते त्या ‘बरी आहे’त? जे ऐकायचं ते ऐकतच असणार. रोज नव्यानं. ‘तुमचं काहीच नाही’ हे तेच जुनं वाक्य, फक्त आवाज कापलेला.

खोलीत घड्याळ होतं, नळ होता, दोन माणसांचे श्वास होते. ही काही रिकामी शांतता नव्हती. कुठल्याच भोकाला हिचं ठिगळ चाललं नसतं.

“नाही आवडली,” ती म्हणाली. आणि आपलं ताट हळूच बाजूला सारून त्यावर झाकण ठेवलं.

त्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. घास हातातच होता. त्यांना तो नियम माहीत होता, आणि त्याचं कारणही बहुधा माहीत असावं, हे तिला आत्ता कळलं.

“का नाही आवडली?” त्यांचा आवाज घोगरा आला, बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा.

“त्या बाईला उगाच मारलंय,” ती म्हणाली. “त्याला शहाणं करायला. ती जगली असती तर त्याला तिच्याशी बोलावं लागलं असतं. ते लिहिणं अवघड, म्हणून मारलंय.”

“हं,” ते म्हणाले. घास खाली ठेवला. “मग बरोबर आहे तुझं.” जरा थांबून, “आणखी?”

आणखी... केवढा शब्द आहे हा. भूक लागली होती तिला, खरीच, पोटातली. आणि तिच्याखाली दुसरी, जिला इतकी वर्षं ती शांती समजत आली होती. ते बाड माळ्यावर आहे की घर बदलताना राहिलं, हेसुद्धा तिला ठाऊक नाही. विचारावं, की आधी ती ओळ म्हणावी? पाठ आहे. कुठलाही रंग न देता म्हणता येईल का ती... नाही, तशी म्हणायचीच नाही. उद्या सकाळी दिव्यासमोर शब्द बदलून मागावे लागतील; काय मागायचं ते उद्या बघू. आज जीभ टाळूला लागली आहे, वीस या शब्दाच्या अगदी अलीकडे, आणि समोर ते थांबले आहेत, काचेची भुकटी लागलेली बोटं ताटाच्या काठावर टेकून — आणि आपला श्वास केवढ्यानं ऐकू येतो आहे, हे कळूनही तिनं तो धरून ठेवला नाही.