दोन निळे डबे

राग आला की चष्मेबाईंचा आवाज चढत नसे, खाली उतरत असे. घरच्यांना हे ठाऊक होतं. वर्कशॉपच्या काउंटरवरच्या टायवाल्या मॅनेजरला ठाऊक नव्हतं, म्हणून तो बिचारा अजून हसत होता.

"मॅडम, आधी शांतपणे बसून घ्या. पाणी मागवू?"

"पाणी नको. मला एवढंच सांगा, माझी गाडी कोणी मारली?"

गाडी म्हणजे हत्तीण. काळी, धिप्पाड एसयूव्ही. बाईंचा सगळा संसार तिच्या पोटात. डोळे तपासायचं यंत्र, भिंगांची पेटी, घडीची खुर्ची, अक्षरांचा तक्ता. जिथे डोळ्यांचा डॉक्टर पोहोचत नाही अशा वाड्या-वस्त्यांवर जाऊन बाई नजर तपासायच्या आणि पंधरा दिवसांनी चष्मे घेऊन परत जायच्या. चाकावर त्यांचे वडील. चाळीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस, सगळी ड्रायव्हर मंडळी त्यांना उस्ताद म्हणायची. आई गेल्यापासून बाप-लेकीची ही जोडी डोंगर पालथे घालत होती.

नऊ दिवसांपूर्वी, घाटातल्या चढावर, हत्तिणीने मान टाकली. इंजिन गरजतंय, काटा वर चाललाय आणि चाकं मात्र ढिम्म. मग गाडी हळूहळू मागे घसरू लागली. मागे दरी. उस्तादांनी ब्रेक दाबून धरला, बाईंनी उतरून दगड शोधला आणि चाकाखाली सारला. डिकीत एक्केचाळीस चष्मे होते. एक्केचाळीस माणसं वरच्या वस्तीवर वाट बघत बसली होती. त्यातल्या एका म्हातारीने मागच्या खेपेला बाईंचा हात धरून सांगितलं होतं, "पोरी, नातवाचं तोंड नीट बघायचंय गं. लवकर ये."

ती म्हातारी अजून बघतेच आहे वाट.

"गिअरबॉक्स पूर्ण गेलाय," मॅनेजरने कागद पुढे सरकवला. "आत चुकीचं तेल पडलं. प्लेटा जळाल्या, कचरा सगळीकडे फिरला. नवा बसवायला तीन लाख अडुसष्ट हजार. आणि चुकीचं तेल म्हटल्यावर वॉरंटी लागू होत नाही."

बाईंनी तो आकडा एकदाच वाचला. त्यांचा आवाज आणखी एक पायरी खाली उतरला.

"दीड महिन्यापूर्वी सर्व्हिसिंग कुठे झालं?"

"आमच्याकडेच."

"त्यानंतर गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला?"

"ते आम्हाला कसं कळणार?"

"मी सांगते. नाही लागला. म्हणजे तेल तुम्ही घातलं, गाडी तुम्ही मारली आणि तेराव्याचा खर्च माझ्याकडे मागताय!"

मॅनेजरचं हसू मावळलं. काचेपलीकडे, जिथे गाड्या वर उचलून ठेवलेल्या होत्या, तिथे एक पिकल्या मिशांचा मिस्त्री हात पुसत उभा होता. पुसून पुसून फडकं काळं झालं, तरी हात काही पुरे पुसले जात नव्हते. दीड महिन्यापूर्वी हत्तिणीचं काम त्यानेच केलं होतं. नऊ दिवसांत बाईंनी त्याला तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा त्याने जमिनीकडे बघत एकच उत्तर दिलं होतं, "तेल जळलंय, मॅडम." कोणी घातलं, ते नाही. मिठाची गुळणी धरली होती गड्याने.

ज्याच्या मनात पाप नाही तो असा जमिनीकडे कशाला बघेल? बाईंचा हिशेब पक्का झाला होता.

त्यांनी पिशवीतून घडी केलेलं पत्र काढलं. काल रात्रीच्या जेवणाआधीच लिहून ठेवलेलं, कंपनीच्या मुख्य कचेरीला. एकाच पानाचं. त्यात रक्कम नव्हती, आकडा नव्हता, फक्त मिस्त्रीचं नाव आणि त्याच्या निष्काळजीपणाने दोन माणसं दरीत जाता जाता वाचली, एवढंच.

"हे घ्या. शिक्का मारून पोच द्या."

मॅनेजरने पत्र वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला, आणि बाईंना ते आवडलं नाही.

"असं म्हणता? मग सोपं आहे. हे पत्र वर गेलं की मिस्त्री आज संध्याकाळीच घरी जाईल. खर्चाचं कंपनी बघेल काहीतरी." आवाज दाबून तो म्हणाला, "तसाही म्हातारा झालाय तो. देऊ पुढे?"

"द्या."

"नको देऊस."

हे मागून आलं. भिंतीलगतच्या बाकावर उस्ताद सकाळपासून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. एरवी वर्कशॉपात आले की कोणाचंही बॉनेट उघडं दिसलं तर डोकं घालणारा हा माणूस, नऊ दिवस नुसता बसून होता.

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. तुमची दया उतू जाते दर वेळी."

"दया नाही. तेल मी घातलं."

बाई गर्रकन मागे वळल्या. मग मॅनेजरने पेन उचललं.

"काय बोलताय बाबा?" बाई म्हणाल्या.

"घरी गाडीखालच्या फरशीवर हाताला ओशट लागलं. म्हटलं गिअरचं तेल गळतंय, थोडं भरून घ्यावं. फळीवरचा डबा घेतला, ओतला. चुकला डबा. मागच्या धुऱ्याचं जाड तेल होतं ते." उस्तादांनी काचेकडे तोंड केलं. "ह्याने पहिल्याच दिवशी वासावरून ओळखलं. मी हात जोडले त्याला, सांगू नकोस म्हणून."

मिस्त्री आत आला होता. बाई त्याच्यावर वळल्या.

"आणि तुम्ही गप्प बसलात? नोकरी जायची वेळ आली तरी?"

"उस्ताद स्वतःच सांगतो म्हणाले होते, मॅडम. दिलेला शब्द आहे त्यांचा." मिस्त्री म्हणाला, "फक्त जरा उशीर करत होते."

बाईंनी वडिलांकडे तोंड फिरवलं. आग तीच, पण आता जाळायला समोर परकं कोणी नव्हतं. देवाने माणसाला राग दिला तो चुलीतल्या विस्तवासारखा, घरातच राखायला आणि त्यावर काहीतरी शिजवायला. बाहेर शेजाऱ्याच्या गंजीवर फेकलेला निखारा वारा फिरला की आपल्याच छपरावर येतो. नऊ दिवस बाईंनी फेकलेले निखारे आज वाऱ्यावर बसून परत आले होते.

"तुम्ही," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मॅनेजर नकळत पुढे वाकला, "तुम्ही चाळीस वर्षं गाड्या सांभाळल्यात. वासावरून तेल ओळखता. तुमचा डबा चुकतो?"

"सर्दी होती मला. आणि दोन्ही डबे निळेच आहेत."

"निळे आहेत. पण वर हाताएवढी अक्षरं आहेत, बाबा!"

"चुकतो माणूस. हात आहे, यंत्र नाही."

हात. बाईंच्या मनात तो शब्द अडकला. फरशीवर ओशट *दिसलं* नाही म्हणाले, हाताला लागलं म्हणाले. आणि मग एकामागून एक आठवत गेलं. हल्ली संध्याकाळ झाली की 'घाई नको, मुक्काम करू' म्हणायचे. समोरून गाडी आली की थांबूनच राहायचे, 'जाऊ दे त्याला, आपल्याला कुठे आग विझवायचीय' म्हणायचे. लेकीला वाटायचं, वय झालं, शहाणपण आलं.

पण छे! गेल्याच वर्षी तिने स्वतः तपासलं होतं. तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली होती. गावोगाव ती लोकांना अभिमानाने सांगत होती, आमच्या बाबांना बघा, घारीची नजर.

तक्ता. प्रत्येक वस्तीवर तक्ता खिळ्याला कोण टांगायचं? खुर्चीशेजारी उभं राहून दिवसभर लोकांच्या तोंडून ती अक्षरं कोण ऐकायचं?

बाईंनी काउंटरवरचं स्वतःचं पत्र उचललं आणि वडिलांच्या हातात दिलं.

"हे बिल. तुमच्या चुकीचं. मोठ्याने वाचा किती झालं ते, ह्या सगळ्यांना ऐकू दे."

"देईन मी. माझी ठेव मोडेन."

"वाचा."

उस्तादांनी कागद लांब धरला. मग जवळ घेतला. मग उजेडाकडे थोडा कलता केला आणि घसा साफ करून ठाम आवाजात म्हणाले, "तीन लाख अडुसष्ट हजार. लिहिलंय स्पष्ट. एवढ्याने मी मरत नाही."

मिस्त्रीच्या हातातलं फडकं खाली पडलं. मॅनेजरने पेन टेबलावर ठेवलं.

बाईंनी पिशवीतली छोटी विजेरी काढली, वडिलांची हनुवटी धरली आणि उजेड डोळ्यात टाकला. उजवी बाहुली पाणी घातलेल्या दुधासारखी. डावी तिच्याच मागोमाग निघालेली. शिकाऊ पोरालाही दिसला असता इतका पिकलेला मोतीबिंदू, आणि ती रोज दोन वेळा ह्या डोळ्यांसमोर बसून जेवत होती.

"किती दिवस?"

"सोड हनुवटी."

"किती दिवस, बाबा?"

"दोन हिवाळे."

"दोन हिवाळे तुम्ही मला घाटातून नेलंत! न बघता!"

"रस्ता पाठ आहे मला!" म्हातारा आता उसळला. "एकूण एक वळण पाठ आहे! आणि तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? किल्ली काढून घेतली असतीस. मग मी काय करायचं, खिडकीत बसून येणारे-जाणारे मोजायचे? ते तरी दिसले असते का मला? जगाचे डोळे तपासत फिरतेस. माझ्याकडे कधी बघितलंस?"

"तक्ता पाठ करून फसवलंत मला, आणि वर मलाच विचारता?"

"हो, फसवलं! आणि तू फसलीस!"

दोघंही धापा टाकत उभे राहिले. खरं ते दोघांनीही बोलून टाकलं होतं, आता भांडायला काही उरलं नव्हतं. तरी राग काही गेला नाही. बाईंनी हात पुढे केला. उस्तादांनी त्या दिशेला तोंड वळवलं, मग शर्टाच्या बटणाला अडकवलेली किल्ली सोडवली आणि अंदाजाने तळहाताकडे सोडली. थोडी बाजूलाच पडली. बाईंनी ती वाकून उचलली.

मग त्यांनी पत्राचे चार तुकडे केले आणि मिस्त्रीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चुकले मी. तुमची भाकरी हिसकावायला निघाले होते."

"असू दे, मॅडम. मीही सांगायला हवं होतं." मिस्त्रीने खाली पडलेलं फडकं उचललं. "नवा कशाला बसवता? जुना उघडून बांधून देतो. मधलं कवच चांगलं आहे. अर्ध्याच्या आत होईल. तीन आठवडे लागतील."

मॅनेजरने खाकरून काहीतरी सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने टाय सरळ केला.

"बांधा. पैसे बाबांच्या ठेवीतून नाही, माझ्याकडून. त्यांची ठेव परवा डोळ्यांच्या दवाखान्यात मोडायचीय." मग त्या वडिलांकडे वळल्या. "आणि एक्केचाळीस चष्मे उद्या भाड्याच्या जीपने जाणार."

"घाटात कोण चालवणार? त्या तिसऱ्या वळणावर..."

"मी. पाठ आहे ना तुम्हाला? मग आज घरी बसून सांगा मला, एकेक वळण, मी लिहून घेते." बाईंनी त्यांचा दंड धरला, जरा जास्तच घट्ट. "चला. पायरी आहे पुढे."

"दिसतेय मला," उस्ताद खेकसले, आणि पाऊल चाचपून टाकलं.