उजवा बोर्ड चार बोटं पुढे

साहेब, माझ्या आत्याला गाडीवरून खाली उतरवलं ते तुमच्या लाल पेनाने. परवान्याच्या चाचणीत तिचा पाय ब्रेकवर उशिरा पोचला आणि तुम्ही 'चालक अयोग्य' असं लिहून मोकळे झालात. जरा वाकून गाडीकडे बघायला तुमची कंबर धरली होती का? पुन्हा चाचणीला आठ दिवस दिलेत, तेही उपकार केल्यासारखे.

आत्या लिफ्ट दुरुस्त करते, बावीस वर्षं झाली. कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं आधी देवाचा धावा करतात आणि मग आत्याला फोन. हत्यारांची बॅग मागे बांधून ती मोटरसायकलवर सुटते. गेल्या वर्षी जिन्यावरून पडून तिचा उजवा गुडघा मोडला. जुळला, पण पूर्वीसारखा वाकत नाही, म्हणून परवान्याची चाचणी पुन्हा द्यावी लागली. परवाना गेला तर कंपनी तिला टेबलापाशी बसवून फोन घ्यायला लावणार होती. म्हणजे आता मीच मधे अडकणार, असं म्हणत तिने गाडी ढकलत माझ्या गॅरेजात आणून उभी केली.

तिच्या गाडीला पाय ठेवायला दोन सपाट फूटबोर्ड आहेत, कारखान्यातून आले तसे अगदी समोरासमोर. गाडी स्टँडवर चढवून मी बोर्डांवर आणि त्यांच्या पुढेमागे लांब पुठ्ठे बांधले, आत्याच्या बुटांना खालून खडू फासला आणि तिला डोळे मिटून बसायला सांगितलं. पाय उचल, सैल सोड. उचल, सोड. बाराव्या वेळी तिने विचारलं, की हा व्यायाम आहे की माझी चेष्टा. मी म्हटलं, अजून आठ.

पुठ्ठे सोडून उजेडात धरले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डावा पाय वीसही वेळा बोर्डाच्या मधोमध. उजवा वीसही वेळा चार बोटं पुढे, चवडा किंचित बाहेर वळलेला. पाय इतके दिवस सांगत होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बोर्ड मागे म्हणून बाई गुडघा जबरदस्तीने दुमडून बसायची, आणि ब्रेक मारायच्या आधी तोच दुखरा पाय सोडवून घ्यायची. तुमचा तो उशीर इथे होता, साहेब. चार बोटांत.

मग मला थांबवतो कोण. उजवा बोर्ड चार बोटं पुढे घेतला, त्याची पुढची कड थोडी वर उचलली, ब्रेकचा दांडा त्याच मापाने पुढे नेऊन त्याला लांब सळई घातली. बोर्ड दोन बोटं खालीही उतरवला, तेवढाच पाय आणखी मोकळा होईल म्हणून. दिसायला मात्र विचित्र दिसत होतं, एक बोर्ड पुढे, एक मागे. डावाही पुढे घेऊ का, म्हणून विचारलं.

"मी तरी कुठे सरळ चालते?" आत्या म्हणाली. "राहू दे तशीच. शोभतेय मला."

ती गेली आणि पाच मिनिटांत परत आली. बोर्डाची कड घासून चकाकत होती. वळणावर गाडी कलली तसा बोर्ड रस्ता खरवडत गेला होता.

"माप घेताना वजन कुठे होतं रे?" तिने विचारलं. "आमच्याकडे रिकाम्या लिफ्टचं माप घेतलं तर हाकलून देतात. तुमच्यात चालतं वाटतं, गाढवा?"

बरोबर होतं तिचं. गाडी स्टँडवर असताना मी माप घेतलं होतं, सगळं वजन स्टँडने झेललेलं. माणूस बसला, बॅग चढली की स्प्रिंगा दबतात आणि बोर्ड रस्त्याच्या जवळ जातो, हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावतो. आनंदाच्या भरात स्वतःच विसरलो. पुन्हा सगळं सोडलं. या वेळी गाडी जमिनीवर, आत्या वर, बॅग मागे, आणि मी टेप घेऊन फरशीवर पालथा. बोर्ड पुन्हा दोन बोटं वर, आधी होता त्या उंचीवर. त्या वळणावरून ती सात वेळा जाऊन आली. सातव्या वेळी मला बघून तिने मुद्दाम हॉर्न वाजवला.

आणि मग तो दिवस. मी कुंपणाला धरून उभा होतो. आत्याने इंग्रजी आठाचा आकडा पाय न टेकता काढला. सरळ पट्ट्यावर वेग घेतला. तुमची शिट्टी आणि तिचा ब्रेक एकदमच. पांढऱ्या रेषेच्या हातभर अलीकडे गाडी खिळल्यासारखी उभी. तुम्हाला पटेना. तिला तीनदा पळवलंत, तीनदा ती तिथेच थांबली. मी कुंपणावर चढून ओरडत होतो, पहारेकऱ्याने पाय धरून खाली ओढला तरी.

तुम्ही परवाना दिलात. आत्याने शांतपणे विचारलं, की मागचा तो शेरा खोडणार का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "झालेली नोंद खोडत नाहीत."

बाई तीच आहे, गुडघा तोच, डोळ्यांवर चष्मासुद्धा तोच. बदलली ती एका बोर्डाची जागा आणि एक सळई. मग त्या दिवशी अयोग्य कोण होतं, साहेब? आत्याला उत्तराची वाट बघायला वेळ नाही, ती कामावर गेली आहे. मी बघतोय. लेखी कळवा.