मानसीचा हट्ट

नाचाच्या क्लासात हर्षदला लिफ्ट जमली नाही, तिथून सगळं सुरू झालं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी संगीत ठेवायचं, त्यात नवरा-नवरीचा नाच हवाच, असा हर्षदच्या चुलत भावंडांचा आग्रह. म्हणून बोरिवलीत दिशा मॅडमचा क्लास लावला. मानसी मुलुंडहून यायची, हर्षद चारकोपहून. नाचाच्या शेवटी त्याने तिला कमरेला धरून उचलायचं आणि गिरकी घ्यायची, असं बसवलं होतं. त्या शनिवारी काही केल्या ते जमेना.

"अरे, जेवला नाहीस का?" मॅडम म्हणाल्या. क्लासातली बाकीची जोडपी हसली. मानसीही हसली. हर्षद हसला नाही.

निघताना मॅडमनी बजावलं, "बाकीचं घरी रोज करा. लिफ्ट मात्र इथेच, गादीवर."

दुसऱ्या दिवशी हर्षदचे आईबाबा एका साखरपुड्याला चेंबूरला गेले होते. चारकोपच्या घरात टीपॉय भिंतीला लावून दोघांनी सराव केला. स्टेप्स झकास जुळल्या. मानसी पाणी प्यायला वळली तसा तो म्हणाला, "एकदा लिफ्ट करून बघू."

"मॅडम नको म्हणाल्यात ना."

"एकदाच यार."

"नको, हर्षद. मागे दिवाण आहे."

"म्हणजे तुलापण वाटतं मला जमणार नाही?"

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने तिला उचललं. अर्धी गिरकी झालीही. मग त्याचा पाय फरशीवरून सरकला, हात सुटले आणि मानसीची पाठ दिवाणाच्या लाकडी कडेवर आपटली. दुखणं जरा उशिरा आलं, पण आलं ते ओरडताही येऊ नये असं.

अँब्युलन्समध्ये तो तिचा हात धरून रडत होता. "माझं चुकलं, मानसी. तू नको म्हणत होतीस." तिलाच त्याची दया आली. "होतं रे," ती कशीबशी म्हणाली.

मणक्याला फ्रॅक्चर होतं. ऑपरेशन टळलं, पण पडून राहायचं, पुढे पट्टा बांधायचा, आणि लग्न लांबणीवर. संध्याकाळी हर्षदचे बाबा, दत्ताराम, वॉर्डात आले. घरात त्यांचा शब्द शेवटचा. तिशीतला हर्षद अजून त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकून बसत नसे.

"कसं झालं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"मी नको म्हणत होतो, बाबा. ही ऐकेचना."

मानसी त्याच्याकडे बघत राहिली. तो सलाइनच्या बाटलीकडे बघत होता.

घाबरला असेल, उद्या सांगेल, असं तिने स्वतःला समजावलं. उद्या उजाडला, तो काही बोलला नाही. एकटे असताना तो तिचे पाय दाबायचा, "सॉरी" म्हणायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. तिसरं माणूस आलं की गप्प. तोवर गोष्ट दोन्हीकडच्या नातेवाइकांत पोचलीही होती. भेटायला येणारे सफरचंदं ठेवायचे आणि म्हणायचे, "एवढा काय गं तो हट्ट?"

घरी आल्यावर तिने आईला, शुभाला, खरं ते सांगितलं. शुभाने ते लगेच मानलं. मुलीची उशी सारखी करत ती म्हणाली, "असेल गं. पण आता लग्नापर्यंत गप्प बस. पुरुषाला चारचौघांत खोटं पाडून काय मिळणार?"

मानसी गप्प बसली. उठून बसता येऊ लागलं तेव्हा चारकोपची मंडळी मुलुंडला आली. नवी तारीख ठरवायची होती. हर्षदची आई सुगंधा आत शुभाला हळूच विचारत होती, बाळंतपणाचं डॉक्टर काय म्हणाले. बाहेर दत्तारामांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्यात चार जणांनी सांगितलं, मोडा म्हणून. पाठीचं दुखणं जन्माचं असतं. पण आम्ही दिलेला शब्द पाळणारी माणसं. पोरगी हट्टी आहे, चालेल. आमचा हर्षद सांभाळून घेईल."

हर्षद मान खाली घालून बसला होता. लाजल्यासारखा. कुणीतरी आपलं कौतुक करावं आणि आपण नको नको म्हणावं, तसा.

"हर्षद," ती म्हणाली, "सांग ना त्यांना."

"काय?"

"तुला माहितीये काय ते."

त्याने बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आता कशाला तो विषय, मानसी? जाऊ दे ना."

"लिफ्टचा हट्ट याने धरला होता, बाबा," ती दत्तारामांना म्हणाली. "मी नको म्हणाले होते."

दत्ताराम मुलाकडे वळले. "खरं?"

आत बशी ठेवल्याचा आवाज आला. हर्षद म्हणाला, "तिला नीट आठवत नाहीये, बाबा. खूप लागलं होतं ना."

पट्ट्यामुळे मानसीला एकदम उठता येत नसे. भिंतीचा आधार घेत ती उभी राहिली. "मला हे लग्न करायचं नाही," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. मागून दत्तारामांचा आवाज आला, "बघा! हट्टी म्हटलं ते उगाच नाही."

शुभा पुढे कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलायची. ताट आणून ठेवायची, गोळ्या द्यायची, निघून जायची. नात्यागोत्यात गोष्ट पक्की झाली: मानसीने हट्टाने पाठ मोडून घेतली आणि हट्टानेच लग्न मोडलं. हर्षदचे मेसेज यायचे, लांबलचक, माफीचे. त्यांतला एकही बाबांना दाखवू नकोस, असं मात्र तो बजावायचा. तिने नंबर ब्लॉक केला.

मग एका दुपारी सुगंधाचा फोन आला. घरी एकटीच असावी. मागे कुकरची शिटी वाजत होती.

"पाठ कशी आसा?" तिने आपल्या मालवणीत विचारलं.

"बरी आहे, काकी."

सुगंधा आवाज खाली आणून म्हणाली, "माका ठावक होता गो. त्याच दिवशी. लहानपणापासून तो असोच. बापाचा हात उठलो की दुसऱ्याचा नाव सांगता. कितींदा मीच पुढे झालंय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"आता काय बोलतलंय?" सुगंधा म्हणाली. "पण बाय, तू गप रवाक होया होता. आमी रवलंव ना?"

पलीकडे दाराची बेल वाजल्यासारखं झालं. "इले वाटता," असं पुटपुटून तिने घाईघाईने फोन ठेवला.