काच कापताना

पट्टीला धरून कटर निम्म्यापर्यंत आला होता, तेवढ्यात फोन वाजला.

ठकूच्या आईने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. काचेवर कटर चालू असला की काचा-चौकटींच्या त्या दुकानात कोणी बोलत नसे. शिंक आली तरी दाबून धरायची. रेघ एका दमात ओढावी लागते. मध्येच दचकून हात अडला तर काच नको तिथून तडकते आणि तडकलेल्या काचेपुढे कोणाचंच काही चालत नाही. फोन टेबलाच्या कडेला थरथरत राहिला. त्यावर 'बालवाडी' अशी अक्षरं दिसत होती. ठकूच्या बाबालाही ती दिसली असावीत, कारण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हात मात्र सरळ खाली आला. काच टेबलाच्या कडेवर सरकवून त्याने दाबली आणि ती कट्‌ करून दुभंगली. तोवर फोन वाजायचा थांबला होता.

"लाव आता," तो म्हणाला.

तिने लावला. "ठकूची आई बोलतेय. काय झालं? पडली का? लागलं का कुठे? रडतेय का? कपडे ओले झाले असतील तर पिशवीत दुसरे आहेत, खालच्या कप्प्यात, मी सकाळीच—"

बाईंना बोलायला जागा मिळायला थोडा वेळ लागला. ठकू ठीक आहे, असं त्या म्हणाल्या. लागलं वगैरे काही नाही. शाळा सुटताना दोघंही जरा थांबा, बोलायचंय. मागे मुलांचा इतका गलका होता की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

"दोघांनाही बोलावलंय," फोन ठेवत ती म्हणाली.

"मग जाऊ की दोघं."

"अहो, दोघांना कशाला बोलावतील? चांगलं सांगायला बोलावतात का कधी दोघांना?"

त्याने हात पुसले आणि कापलेली काच भिंतीला टेकवून ठेवली. खरं तर दोघांनाही एकच भीती होती आणि ती दोघांपैकी एकानेही अजून तोंडातून काढली नव्हती.

बालवाडी सुरू होण्याआधी पालकांची सभा झाली होती. सरकारी बालवाडीतल्या त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून सगळे आईबाप बसले होते, आणि बाईंनी काय काय अपेक्षित धरायचं ते हसत हसत सांगितलं होतं. पहिले दिवस रडारड होईल, मुलांची आणि तुमचीही. कोणी घरी येऊन चिडचिड करेल, कोणी जेवता जेवता ताटावरच पेंगेल. कोणी दुसऱ्याचा मोजा घालून येईल. आज काय केलंस, असं विचारलंत तर 'काही नाही' म्हणतील, मनाला लावून घेऊ नका. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "आम्हाला एवढंच हवं असतं, की आपल्याला काय होतंय ते मुलाने सांगावं. शू लागली, दुखलं, भूक लागली. कसंही सांगू दे. पहिल्या महिन्यात ते जमलं नाही तर मात्र पुढच्या वर्षी पुन्हा या, त्यात कमीपणा काही नाही."

ठकूच्या आईने यातलं फक्त शेवटचं वाक्य घरी आणलं.

कारण ठकू घरात वाघ आणि बाहेर शेळी. घरी तिची टकळी सकाळी सुरू झाली की पांघरूण घेईपर्यंत थांबत नसे. उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. कोणी नाव विचारलं की ती आईच्या तोंडाकडे बघे आणि आई नाव सांगे. वय विचारलं की आई वय सांगे. ठकूची आई मुळात बोलकी. एका प्रश्नाला तिच्याकडे चार उत्तरं तयार असत, त्यामुळे मुलगी बोलली नाही हे विचारणाऱ्याच्या लक्षातही येत नसे.

सुट्टीभर आईने तिची तयारी करून घेतली. आई खुर्चीवर बसून बाई व्हायची आणि ठकूने पुढे येऊन म्हणायचं, "बाई, मला शूला जायचंय." ठकू ते खणखणीत आवाजात म्हणायची आणि वर सांगायची, "पण तू बाई नाहीस, आई आहेस." शाळेत गेल्यावर ते वाक्य कुठे गेलं कोण जाणे. रोज ती हात मांडीवर ठेवून बसायची आणि सगळ्यांकडे बघायची. शू लागली की उठून दाराशी उभी राहायची, मदतनीस मावशींना उमगेपर्यंत. एक-दोनदा त्यांना उमगलं नाही, आणि पिशवीतून ओले कपडे घरी आले. आईने ते बादलीत टाकले आणि नळ मोठा सोडून पाच मिनिटं रडून घेतलं. वर्ष वाया जाण्याचं तिला इतकं दुःख नव्हतं. मुलगी मोठेपणीही अशीच राहिली तर काय, आपण सोबत नसू तेव्हा तिच्यातर्फे कोण बोलणार, हा विचार तिला सोडत नसे.

दुकान लवकर बंद करून दोघं निघाले. रस्त्यात ती एकसारखी बोलत होती. बाईंना काय काय सांगायचं, आणखी एक महिना कसा मागायचा, पाया पडायचं की नाही.

"पाया कसली पडतेस," तो म्हणाला. "आधी ऐकून तर घेऊ."

"तुम्ही ऐका. मी बोलते."

"ते काय नवीन आहे."

वर्गात आता मुलं नव्हती. ती मागच्या अंगणात गेली होती आणि उघड्या खिडकीतून त्यांचा आवाज येत होता. खिडकीखालची फरशी नुकतीच पुसलेली, ओलसर होती. बाईंनी दोघांना बुटक्या खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः तिसरीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"बाई, मी काय म्हणते," ठकूच्या आईने सुरुवात केली, "अजून थोडे दिवस द्या. ती हळूहळू—"

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "घरात 'अक्कल गहाण ठेवली का' असं कोण म्हणतं?"

ठकूच्या आईचं तोंड उघडंच राहिलं. ठकूचा बाबा भिंतीवर चिकटवलेला मुलांनी रंगवलेला हत्ती अगदी निरखून बघू लागला.

"मला म्हणाली ती आज," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांना हसू आवरेना.

मग त्यांनी सगळं सांगितलं. खिडकीत काचेची बरणी ठेवली होती, मोड आलेल्या वालांची, मुलांना मुळं दिसावीत म्हणून. एका मुलाने पडदा ओढला आणि बरणी खाली आली. कोणाच्या पायात नुसते मोजे, कोणाच्या तेही नाहीत, कारण बूट-चपला दाराबाहेर. आवाज झाल्याबरोबर अर्धी पळायला उठली आणि अर्धी बघायला पुढे निघाली. बाई फळ्यापाशी होत्या. तिथून पोचेपर्यंत कोणाचा तरी पाय पडलाच असता. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "काच! जागच्या जागी! पाय उचलायचा नाही!"

"असा आवाज, की मीसुद्धा थांबले," बाई म्हणाल्या. "एक पाय वर, तशी. बघते तर ठकू. आम्ही सगळे पुतळे झालो होतो आणि ती एकेकाकडे बोट दाखवून बघत होती, कोण हलतंय का. मावशींनी काचा उचलल्या, मग मी तिच्याजवळ गेले. शाबास म्हणणार होते. तर मलाच म्हणाली, 'खिडकीत काच ठेवतं का कोणी? अक्कल गहाण ठेवली का?'"

"अरे देवा," ठकूची आई म्हणाली. "बाई, मी तिला माफी मागायला लावते. हे म्हणजे, घरात मी यांना म्हणते, तुम्हाला नाही, तुम्हाला कशी म्हणेन, यांना कटर कुठेही ठेवायचा असतो—"

"माफी कसली? बरोबरच बोलली की. आणि तेव्हापासून तिचं तोंड बंद नाही. शू लागली ते सांगितलं, शेजारच्याला लागली तेही सांगितलं." बाईंनी खिडकीकडे हात केला. "ऐका ना."

अंगणातून एक ओळखीचा आवाज येत होता. कोणाला तरी रांगेत उभं राहायला सांगत होता. ठकूच्या आईने तो ऐकला आणि तिचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस खांदे किती वर ओढून धरले होते, ते खाली आल्यावर तिला कळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून हत्तीच बघत होता, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला हत्ती पुरेसा मोठा होता.

"नाव नाही ना कमी करणार तिचं?" त्याने विचारलं.

"छे हो. यायचं रोज." बाई पुढे म्हणाल्या, "मी तिला विचारलं, इतके दिवस का बोलली नाहीस गं? तर म्हणाली, 'तुमचं काम चालू होतं ना.'"

बाईंना त्यात नुसती गंमत वाटली होती. आईबापांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं.

ठकू दुकानातच वाढली होती. चौकटींच्या उरलेल्या पट्ट्यांचं कुंपण बाबाने कोपऱ्यात घातलं होतं आणि त्यात ती बसे. कटर चालू असताना बोलायचं नाही, हे ती चालायच्या आधी शिकली. रडू आलं तरी काच तुटेपर्यंत थांबायची. गिऱ्हाईक आलं की मोठी माणसं कामाचं बोलतात, तेव्हा पण गप्प. लोक म्हणत, किती शहाणी पोर, आवाज म्हणून नाही. आईबाप कौतुकाने फुलत. घराबाहेर भेटलेलं प्रत्येक माणूस तिच्या लेखी गिऱ्हाईक होतं आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचं तरी काम चालू होतं. ती लाजत नव्हती की घाबरत नव्हती. काम संपायची वाट बघत होती, आणि काम कधी संपलंच नाही.

एरवी ठकूच्या आईने यावर चार वाक्यं तरी सांगितली असती. "बरं," एवढंच ती म्हणाली आणि उठली.

अंगणाच्या फाटकातून ठकू बाहेर आली ती एका पायात लाल आणि एका पायात निळा मोजा घालून. आज काय केलंस, असं दोघांनीही विचारलं नाही. तिने दोघांचं एकेक बोट धरलं आणि तिघं परत निघाले. आईने तिच्या डोक्यावरून उगाचच दोन-तीनदा हात फिरवला.

"विस्कटू नको ना," ठकू म्हणाली.

दुकानाच्या पायरीशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन. चौकट करून हवी होती. बराच वेळ थांबलेले दिसत होते, पण तक्रार करणाऱ्यांतले वाटले नाहीत. ठकूच्या बाबाने माफ करा म्हणत खिशातून किल्ली काढली. गृहस्थांचं लक्ष ठकूच्या मोज्यांकडे गेलं.

"शाळेत जातेस वाटतं," ते म्हणाले. "आवडते का शाळा?"

उत्तर आईच्या जिभेवर आलं होतं. 'हो, जाते ना, नुकतीच घातली, आवडते तिला, आज तर काय झालं माहितीये का—' सगळं एका रांगेत उभं होतं. तिने ओठ मिटले. इतके घट्ट, की तिची हनुवटी हलली. ठकूच्या बाबाने किल्ली कुलुपाला लावली होती, ती त्याने फिरवली नाही. त्याचा हात तिथेच थांबला.

ठकूने सवयीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. ते उघडेल म्हणून वाट पाहिली. रस्त्यावरून एक सायकल गेली. आई काहीच बोलत नाही असं पाहून तिने बाबाकडे पाहिलं, तर तोही नुसता उभा. मग तिने मान वर करून गृहस्थांना बुटांपासून चष्म्यापर्यंत नीट बघून घेतलं.

"शाळा बरी आहे," ती म्हणाली. "बाईंना काचेचं काही कळत नाही. पण शिकतील."

"असं?" गृहस्थ म्हणाले. त्यांनी चित्र भिंतीला टेकवलं आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूच पायरीवर बसले. "आणि मुलं कशी आहेत?"

ठकू त्यांच्या शेजारी बसली. दुकान उघडायला त्या दिवशी बराच उशीर झाला.